आतड्याचा पीळ सुटला, पुन्हा बसेल का? स्कॅनवरून अंदाज बांधायची रीत

गेल्या पावसाळ्यात कळवणकडची एक सूनबाई सासऱ्यांना घेऊन आमच्याकडे आली. फिल्म भिजू नयेत म्हणून तिनं त्या खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून आणल्या होत्या. आठ महिन्यांत दुसऱ्यांदा तात्यांच्या आतड्याला पीळ बसला होता आणि दुसऱ्यांदाही तो गुदद्वारातून आत घातलेल्या दुर्बिणीनं सुटला होता. तात्या बाहेर बाकावर बसून चहा मागत होते. पोट सपाट, चेहरा असा की काही झालंच नाही. सूनबाईनं गोणी सोडली, फिल्म टेबलावर मांडल्या आणि विचारलं, "मॅडम, आता परत कधी?"

"परत होईल का?" असं तिनं विचारलंच नाही. ते ती धरूनच चालली होती, आणि आकडे तिच्याच बाजूनं आहेत.

मी नाशिकमध्ये रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. पिळाचं निदान बहुधा रात्री होतं, घाईत होतं आणि बरोबर होतं. गाडी अडते ती नंतर. पीळ सुटला, पोट उतरलं, की रात्रीचा स्कॅन कपाटात जातो आणि तो पुन्हा कुणी उघडत नाही. पिळलेल्या आतड्यात फक्त काय घडलं ते दिसतं. त्याची मूळची ठेवण, म्हणजे ते किती लांब आहे, किती रुंद आहे आणि कशाला टांगलेलं आहे, ही सुटल्यावरच नीट दिसते. पुढच्या वेळेचा अंदाज त्या ठेवणीत असतो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी अशाच एका पेशंटच्या सुटल्यानंतरच्या सीटीवर मी लिहून मोकळी झाले होते: "पीळ सुटलेला आहे. बाकी विशेष नाही." पाच आठवड्यांनी तोच माणूस पुन्हा स्ट्रेचरवर. मी जुना स्कॅन उघडला. ज्याला मी 'विशेष नाही' म्हटलं होतं त्यात आतड्याची कमान, म्हणजे वर उठलेलं वळण, पार यकृताखाली जाऊन टेकली होती आणि तिचे दोन्ही पाय, म्हणजे खालची टोकं, ओटीपोटात एकमेकांना लागून होते. तेवढ्या दोन ओळी मी लिहिल्या असत्या तर सर्जनला घरच्यांशी बोलायला आधार मिळाला असता. तेव्हापासून जो क्रम मी पाळते तो इथे देते. यातला काही भाग घरच्यांसाठी आहे, काही ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांसाठी. ज्याचं जे काम, ते त्यानं उचलावं.

हे अंदाज बांधायचं काम कधी करायचं नाही

पोट आत्ता फुगलेलं असेल, वारा सरत नसेल, उलट्या होत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. पोट लाकडासारखं कडक झालं, ताप आला, शौचातून रक्त गेलं, माणूस घामाघूम होऊन गळून पडला, तर पिळलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटत असल्याची शंका घ्यायची. अशा वेळी दुर्बिणीनं सोडवायचा प्रयत्नही करत नाहीत, थेट ऑपरेशन.

आपल्याकडे अजूनही "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळून घेतात, "नळ फुगलेत" म्हणून एरंडेल पाजतात. साध्या गॅसला चोळल्यानं बरं वाटतही असेल. पिळलेल्या आतड्यावर मात्र हे दोन्ही उपाय घात करतात, कारण पुढची वाट बंद असताना मागून रेटा वाढतो. आणि तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर ती वेगळीच गोष्ट. जन्मतः आतडं नीट फिरून बसलेलं नसल्यामुळे लहान आतड्याला पीळ पडू शकतो. तिथे वाट पाहायची नाही, रात्र असो की दिवस.

पायरी १: नेमका कुठला भाग वळला होता?

डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'व्हॉल्व्ह्युलस', म्हणजे आतड्याचा पीळ, एवढंच लिहिलेलं असतं. तेवढ्यानं भागत नाही, भागाचं नाव हवं.

डाव्या कुशीतून गुदाशयाकडे उतरणारा मोठ्या आतड्याचा वळणदार भाग म्हणजे सिग्मॉइड. मोठ्यांमध्ये पीळ सर्वांत जास्त वेळा इथेच पडतो, आणि 'सुटला, पण पुन्हा बसेल का' हा प्रश्न मुख्यतः याच भागाचा आहे. उजवीकडचा सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात, वळला असेल तर दुर्बिणीनं तो सहसा सुटत नाही, सर्जन सरळ ऑपरेशनकडे जातात, म्हणून तिथे अंदाजाला फारशी जागाच उरत नाही. लहान आतडं जुन्या ऑपरेशनच्या चिकटपणामुळे वळलं असेल तर तेही प्रकरण निराळं. पुढचं सगळं सिग्मॉइडबद्दल आहे.

पायरी २: फाईल बांधा

घरच्यांचं सगळ्यात मोठं काम हेच, आणि ते फुकटात होतं.

प्रत्येक वेळच्या तारखा लिहा. पोट कधी फुगलं, कुठे नेलं, किती तासांनी सुटलं, कशानं सुटलं. सगळे एक्स-रे, सीटी, दुर्बिणीचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्डं एकत्र करा. सीटीची नुसती छापील फिल्म पुरत नाही. एका सीटीत शेकडो काप असतात, फिल्मवर त्यातले निवडक वीस-चाळीस उतरतात, आणि मोजमापं करायला मूळ काप लागतात. म्हणून सेंटरकडून सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ फाईल मागून घ्या. 'डायकॉम' फाईल द्या असं म्हटलं की काउंटरवरच्या माणसाला कळतं. मागायला उशीर करू नका, कारण जुना डेटा किती दिवस ठेवायचा हे प्रत्येक ठिकाणचं वेगळं असतं.

फिल्म खिडकीला लावून मोबाइलवर काढलेला फोटो निरोपापुरता ठीक. मला असे फोटो रोज येतात, पंख्याच्या सावलीसकट. त्यावरून सेंटीमीटर मोजता येत नाहीत. हेच फोटो हल्ली लोक मोबाइलमधल्या एआयला दाखवतात आणि त्याचं उत्तर घेऊन माझ्याकडे येतात. उत्तर देणाऱ्यानं शेकडो कापांपैकी एकच काप पाहिलेला असतो, तोही तिरका.

प्रत्येक फिल्मवर एक गोष्ट मार्करनं ठळक लिहा: पीळ असतानाची की सुटल्यानंतरची. हे एवढंच लिहिलेलं नसल्यामुळे मी अर्धा-अर्धा तास तारखा जुळवत बसलेली आहे.

पायरी ३: रात्रीचा स्कॅन दिवसा पुन्हा वाचा

हे डॉक्टरांचं काम, पण घरच्यांनी आठवण करून द्यायला हरकत नाही.

पहिला प्रश्न, तो खरंच पीळ होता का? साध्या एक्स-रेवर सिग्मॉइडचा पीळ कॉफीच्या बीसारखा दिसतो: फुगलेली एकच मोठी कमान, मधोमध जाड रेघ, टोक बहुधा वर उजवीकडे, दोन्ही पाय खाली डावीकडे ओटीपोटात. सीटीवर पाहायचा तो भोवरा. आतडं आणि ते ज्याला टांगलेलं असतं त्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या एका बिंदूभोवती गोल फिरलेल्या दिसतात. सीटीवरच्या या भोवऱ्याचं वर्णन १९८१ साली पहिल्यांदा छापून आलं, तेही लहान आतड्याच्या पिळाबद्दल. त्याच्याजवळच फुगलेलं आतडं चोचीसारखं निमुळतं होत जातं. एका जागी नव्हे तर दोन जागी ते असं चिमटलेलं सापडलं की पीळ असल्याची खात्री बरीच वाढते.

हे इतकं तपासून का घ्यायचं? कारण मोठ्या आजारानं किंवा ऑपरेशननंतर अंथरुणाला पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं आतडं पीळ नसतानाही असंच फुगू शकतं. त्याला ऑगिल्व्ही सिंड्रोम म्हणतात. ते आतडं अडलेलं नसतं, हलायचं थांबलेलं असतं. शिवाय सिग्मॉइडमधली गाठही मागचं आतडं फुगवते. मागच्या दोनपैकी एक 'पीळ' प्रत्यक्षात पीळ नव्हताच असं निघालं तर सगळा हिशेब बदलतो.

दुसरा प्रश्न रक्तपुरवठ्याचा. आतड्याची भिंत कॉन्ट्रास्टनं, म्हणजे शिरेतून दिलेल्या औषधानं, उजळलीय का, भिंतीत हवा शिरलीय का, पोटात पाणी किंवा मोकळी हवा आहे का. सुटलेल्या पेशंटमध्ये हे सहसा नसतं. तरीही नोंद ठेवावी, कारण पुढच्या वेळी कोणी तुलना मागितली तर आधीची भिंत कशी होती ते सांगता येतं.

या स्कॅनवर लांबी-रुंदी मोजून अंदाज बांधायचा मोह टाळा. पिळलेलं आतडं हवेनं ताणलेलं असतं. त्या रात्री कमान छातीच्या पडद्याला भिडली म्हणजे ती रोज तिथेच असते असं नाही.

पायरी ४: सुटल्यावरचा फोटो, खरं काम इथेच

दुर्बिणीनं पीळ सुटल्यावर गुदद्वारातून एक मऊ नळी आत ठेवतात, साधारण एक ते तीन दिवस. त्याच दिवशी एक साधा एक्स-रे होतो: नळी जागेवर आहे का, हवा निघाली का. तो फाईलमध्ये ठेवा.

अंदाजासाठी लागतो तो त्यानंतरचा स्कॅन. आतडं रिकामं झालेलं, सूज उतरलेली, नळी काढलेली. पेशंट स्थिर असेल आणि ऑपरेशन याच भरतीत ठरलेलंच असेल, तर वेगळा सीटी काढायलाच हवा असं नाही. पैसे वाचवा. पण निर्णय अधांतरी असेल, घरचे द्विधा असतील, पेशंट ऑपरेशनला कितपत झेपेल हे ठरायचं असेल, तर हा एक स्कॅन उपयोगी पडतो. पोटाच्या एका सीटीत ८ ते १० मिलिसिव्हर्टच्या आसपास किरणोत्सार जातो, म्हणजे तीन-चार वर्षांत निसर्गातून मिळतो साधारण तितका. सत्तरीच्या माणसाला एका स्कॅनची ही किंमत मोठी नाही. पण दर दोन महिन्यांनी 'सहज बघू' म्हणून काढायचा हा प्रकार नाही. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन द्यायचं असेल तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करून घ्या, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर ते सांगा.

आता मोजायचं काय?

नागपंचमीचा झोका आठवा. फांदीला दोन्ही दोर एकमेकांपासून दूर बांधले असतील तर झोका पुढे-मागे जातो, गरगर फिरत नाही. दोर जवळजवळ बांधले आणि झोका लांब सोडला, की पोरं त्याला पीळ देऊन भिंगरीसारखा फिरवतात. सिग्मॉइड अगदी असाच टांगलेला असतो. त्याचा एक पाय डाव्या कुशीत, जिथे उतरतं आतडं मागच्या भिंतीला घट्ट बसलेलं असतं. दुसरा पाय त्रिकास्थीजवळ, म्हणजे पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाकडच्या हाडाजवळ, जिथे गुदाशय सुरू होतो. मधली कमान पडद्यावर लोंबते, आणि त्या पडद्याची मुळाशी असलेली रुंदी म्हणजे आपल्या झोक्याच्या दोन गाठींमधलं अंतर.

म्हणून पहिलं माप पायांमधलं अंतर. सीटीच्या समोरून घेतलेल्या कापांत, म्हणजे कोरोनलमध्ये, वर सांगितलेल्या दोन जागा शोधायच्या आणि सरळ रेषेत मोजायचं. इतक्या सेंटीमीटरच्या खाली म्हणजे धोका, अशी सर्वमान्य रेघ ओढलेली नाही, म्हणून हा आकडा एकटा वाचू नका. तो कमानीच्या उंचीशी लावून वाचायचा.

कमानीची उंची मोजायला सोपी. कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणारी आडवी रेघ काढा. आतडं रिकामं असताना सिग्मॉइडची कमान त्या रेघेच्या वर जात असेल तर ते आतडं गरजेपेक्षा लांब आहे असं धरतात. किती वर गेलं ते लिहा. पाय चार बोटांत मावतात आणि टोक वीतभर वर गेलंय, असं चित्र दिसलं की मला फार विचार करावा लागत नाही. उंची कमी, पाय दूर आणि तरीही पीळ बसला होता म्हणतात, तेव्हा मी तिसऱ्या पायरीकडे परत जाते: तो खरंच पीळ होता का?

काही जण आतड्याच्या मधून रेघ ओढत पूर्ण लांबी काढतात. संगणक ते करून देतो. सिग्मॉइड साधारण ४० सेंटीमीटरच्या आसपास असतं, पण माणसामाणसांत फरक इतका मोठा की नुसत्या लांबीवर मी भर देत नाही. माझं मत: उंची आणि पायांमधलं अंतर ही जोडी लांबीपेक्षा जास्त बोलते.

रुंदी. ओटीपोटाच्या काठाशी, जिथे सिग्मॉइड आत उतरतं, तिथे आडवी रुंदी घ्या. ६.५ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर त्याला मेगाकोलन, म्हणजे कायमचं पसरलेलं आतडं, म्हणतात. उजव्या बाजूच्या चढत्या आतड्यासाठी ८ आणि सीकमसाठी १२ सेंटीमीटर असे आकडे वापरतात. ६.५ ची मोजपट्टी बेरियम एनिम्याच्या, म्हणजे गुदद्वारातून पांढरं औषध भरून एक्स-रे काढायच्या, काळातली आहे, आणि त्या एक्स-रेवर आकृती थोडी मोठी उमटते हे लक्षात ठेवावं. माप भिंतीला काटकोनात घ्यायचं. तिरपं घेतलं तर कुठलंही आतडं 'मेगा' होतं.

बाकीचं मोठं आतडं याच वेळी पाहून घ्या. फक्त सिग्मॉइड रुंद आहे की सीकमपासून गुदाशयापर्यंत सगळंच सैल पडलंय? या उत्तरावर पुढे कुठलं ऑपरेशन हे ठरतं, म्हणून हे घाईत सोडू नका. गुदाशयात मळ साचून ते फुगलेलं असेल तर तेही लिहा.

उरलेला भोवरा. हा मुद्दा रिपोर्टमध्ये सगळ्यात जास्त वेळा निसटतो. पोट उतरलेलं असतं, हवा निघून गेलेली असते, पण पडद्यातल्या रक्तवाहिन्या अजून अर्ध्या फेरीत वळलेल्या असतात. सिग्मॉइड १८० अंशांपर्यंत फिरून परत सरळ होणं हे लांब आतड्याच्या माणसांत होत राहतं. तेवढ्यानं वाट बंद होत नाही, म्हणून त्याला पीळ म्हणू नये. पण ते सांगतं की आतडं अजून त्याच दिशेनं झुकलेलं आहे. जोडीला पडदा जाडसर, आखडलेला, दोन्ही पाय एकमेकांकडे ओढून आणणारा दिसला, तर हे पूर्वीही कित्येकदा झालेलं असावं, अंगावर काढलेलं असावं, असा अंदाज बांधता येतो. तात्यांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पोट तर वर्षा-दोन वर्षांतनं एकदा फुगायचंच की. रात्रभर कळ काढली की सकाळी मोकळं."

शेवटी गाठ. सिग्मॉइडची भिंत कुठे जाड, खडबडीत दिसते का ते पाहायचं. मात्र सीटीवर काही दिसलं नाही म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची आतून तपासणी, टाळायची नाही. पोट शांत झाल्यावर ती करून घ्यावी.

पायरी ५: जे स्कॅनमध्ये दिसत नाही

आतापर्यंत किती वेळा झालं, ही एक गोष्ट बाकी सगळ्यावर मात करते. दुसऱ्यांदा झालेल्याला तिसऱ्यांदा होईल का हे शोधण्यासाठी मोजपट्टी लागत नाही.

वय, जुनं बद्धकोष्ठ, अंथरुणाला खिळलेलं असणं, कंपवाताच्या किंवा मनोविकाराच्या काही गोळ्या, या सगळ्यांनी आतड्याची हालचाल मंदावते. गोळ्यांची यादी फाईलमध्ये ठेवा, पण स्वतःहून एकही बंद करू नका. आपल्या भागात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा बऱ्याचदा लवकर, चाळिशी-पन्नाशीतल्या धडधाकट पुरुषांतही दिसतो, म्हणून 'अजून कुठे वय झालंय' हा दिलासा घेऊ नये.

पायरी ६: अंदाज कुठल्या बाजूनं सुरू होतो

बरेच जण विचारतात, टक्के सांगा. फक्त स्कॅनवरून टक्के काढून देणारं मान्य सूत्र नाही. जे आहे ते असं: नुसतं सोडवून घरी पाठवलेल्या पेशंटमध्ये बहुतेक अभ्यासांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त जणांना पीळ पुन्हा बसलेला आहे. दुर्बिणीनं सोडवायची पद्धत ब्रुसगार्ड यांनी १९४७ साली मांडली तेव्हापासून जीव वाचू लागले, पण सोडवणं आणि बरं होणं यांतलं अंतर तसंच राहिलं. म्हणूनच अमेरिकेतल्या कोलोरेक्टल सर्जनांच्या संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पीळ सुटून पेशंट सावरला की त्याच भरतीत सिग्मॉइड काढण्याचा विचार करावा.

म्हणजे तराजू आधीच 'पुन्हा बसेल' या बाजूला झुकलेला आहे. स्कॅनकडे हे विचारायचं नाही की होईल का. त्याला दोन गोष्टी विचारायच्या: थांबण्यासारखं काही सबळ कारण आहे का? आणि काढायचं झालं तर किती? कमान ठेंगणी, पाय दूर, आतडं अरुंद, पहिलीच वेळ, पेशंट हृदयानं नाजूक: असं सगळं एकत्र आलं तर थांबून पाहण्यात अर्थ असू शकतो. चांगला स्कॅन आहे एवढ्यावरच धोका नाही म्हणणाऱ्याशी माझं पटत नाही.

पायरी ७: एका पानावर लिहा

सर्जनकडे सीडी देऊन 'बघा ना' म्हणू नका. ओपीडीत त्यांच्याकडे तुमच्यासाठी दहा मिनिटंही नसतात. रेडिओलॉजिस्टला विनंती करा की एवढ्या गोष्टी एका पानावर द्या. सूनबाईला मी दिलेलं पान असं होतं:

कितवी वेळ: दुसरी, आठ महिन्यांत.
भाग: सिग्मॉइड. दोन्ही वेळा सीटीवर भोवरा दिसला, दोन्ही वेळा भिंत चांगली.
सुटल्यानंतरचा सीटी: सहाव्या दिवशी, आतडं रिकामं.
पायांमधलं अंतर: ४ सेंटीमीटर.
कमान कमरेच्या रेघेच्या वर: ११ सेंटीमीटर.
ओटीपोटाच्या काठाशी रुंदी: ७.८ सेंटीमीटर. चढतं आतडं आणि सीकम नेहमीच्या रुंदीचे. गुदाशय रिकामा.
पडदा आखडलेला, अर्धी फेरी शिल्लक.
गाठ दिसत नाही. कोलोनोस्कोपी बाकी.
मत: पुन्हा पीळ बसण्यासाठी सगळी ठेवण अनुकूल. विस्तार सिग्मॉइडपुरता.

शेवटचं वाक्य सर्जनसाठी महत्त्वाचं. फक्त सिग्मॉइड पसरलेलं असेल तर तेवढा भाग काढून जोडल्यावर पीळ पुन्हा बसण्याची शक्यता खूप कमी होते. सगळंच मोठं आतडं पसरलेलं असेल आणि नुसतं सिग्मॉइड काढलं, तर उरलेल्यात पुन्हा त्रास होऊ शकतो. म्हणून काही वेळा जास्त भाग काढण्याचा विचार करावा लागतो. आतडं न कापता नुसतं टाचून ठेवण्याच्या पद्धती आहेत, पण त्यांत पीळ परत येण्याचं प्रमाण कापण्यापेक्षा जास्त.

सर्जनला विचारायचे प्रश्न थोडे आणि रोखठोक असू द्या. याच भरतीत करता येईल का? पोटाला छोटी भोकं पाडून दुर्बिणीतून की पोट उघडून? पोटावर पिशवी लागायची शक्यता किती, लागली तर किती दिवस? भूल झेपेल का? ऑपरेशन झेपणारच नसेल तर दुसरा काय उपाय? मोठ्या आतड्यात दुर्बिणीच्या मदतीनं बाहेरून नळी बसवून ते जागेवर धरून ठेवण्याचा उपाय काही ठिकाणी अशांसाठी करतात. त्याचे स्वतःचे धोके आहेत, ते विचारून घ्या.

खर्चाचं आधीच पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि तुमचं ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये बसतं ते भरती होण्याआधी विचारा. रात्री अडीच वाजता हे विचारायला कुणी भेटत नाही.

तात्यांचं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. त्यांना उन्हाळी कांद्याची लागण उरकून, म्हणजे जानेवारीनंतर, ऑपरेशन हवं होतं. आठ महिन्यांत दोनदा झालेल्या माणसाला आणखी पाच महिने. मी त्यांना आत बोलावलं, स्क्रीनवर त्यांच्या आतड्याची कमान दाखवली आणि त्यांच्याच हाताची चार बोटं त्या दोन पायांवर ठेवायला सांगितली. बोटांखाली दोन्ही झाकले गेले. ते बराच वेळ बघत राहिले. मग सुनेला म्हणाले, "लागण तू बघ."

पायरी ८: ऑपरेशन लांबणीवर असेल तर घरी

पुन्हा स्कॅन काढून 'लक्ष ठेवायचं' नसतं. लक्ष पोटावर ठेवायचं. शौचाची वेळ बिघडू देऊ नका, पाणी कमी पडू देऊ नका. इसबगोलाचा मारा सर्जनला विचारल्याशिवाय नको. आधीच पसरलेल्या आतड्यात नुसता भार वाढवून उपयोग होत नाही.

पोट एका बाजूनं ढोलासारखं वर आलं, वारा सरणं थांबलं आणि कळ येऊन येऊन जाऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नका. सुरगाणा, पेठ, कळवणच्या आतल्या पाड्यांवरून नाशिकला यायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे, आणि पिळलेल्या आतड्याचा हिशेब तासांत असतो. १०८ ला फोन करा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे आणि सलाईनची सोय असेल तर ते करूनच पुढे निघा. निघताना मात्र एक फोन करून विचारा की जिथे चाललोय तिथे या घडीला सीटी, दुर्बीण आणि सर्जन तिन्ही आहेत का. त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय असो, आडगावचं मेडिकल कॉलेज असो की खासगी दवाखाना, तिन्हींतलं एक जरी नसलं तरी पुन्हा गाडी वळवावी लागते. चैत्र पौर्णिमेला वणीच्या रस्त्यावर आणि २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी शहरात गाडी अडकणार हे धरूनच चाला. त्या दिवसांत पोट जरा जरी बिघडलं तरी लवकर निघा.

फाईल कुठे ठेवायची ते घरात सगळ्यांना माहीत हवं. लोखंडी कपाटात कुलूप लावून नको, किल्ली नेमकी शेतावर गेलेली असते. सूनबाईनं ती खताची गोणीच कायम ठेवली, ओसरीवरच्या खुंटीला, दुधाच्या हिशेबाच्या वहीशेजारी. तिच्यात सगळ्यात वर ते एक पान, त्याखाली सीडी कोऱ्या पाकिटात, मग डिस्चार्ज कार्डं तारखेनुसार, गोळ्यांची यादी, रेशन कार्ड आणि आधारच्या झेरॉक्स. फिल्म सगळ्यात मागे, आणि प्रत्येकीवर मार्करनं लिहिलेलं: पीळ असताना, पीळ सुटल्यावर, ऑपरेशननंतर.